माग आणि मोजणी : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांस अनावृत पत्र

लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,


ज्याची उभी हयात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाचे काम करण्यात गेली, अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील भातखाचरांचे बांध ज्याने साखळी ओढीत पायाखाली घातले, आणि आता लोणावळ्याच्या पावसात खिडकीशी बसून ज्याला त्या हद्दींचा व त्या माणसांचा विचार करण्याइतकी सवड मिळाली आहे, अशा एका निवृत्त सरकारी नोकराचे हे पत्र आहे. ते मराठीत लिहिले आहे याबद्दल मी क्षमा मागत नाही. कारण ज्या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी आपल्या मंत्रालयावर आहे, त्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेच मला असा हक्क दिला आहे, की माझी माहिती मागणाऱ्याने आपली नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील माझ्या पसंतीच्या भाषेत वाचण्याची सोय मला करून दिली पाहिजे. जी भाषा संमती मागण्यास योग्य ठरली, ती गाऱ्हाणे मांडण्यासही योग्य ठरावी.

गाऱ्हाणे ठावठिकाण्याचे आहे. मोबाइल फोनमधील नाना तऱ्हेची अ‍ॅप माणूस कोठे आहे, कोठून आला, किती वेळ थांबला आणि कोठे गेला याची नोंद अहोरात्र करीत असतात, आणि ती नोंद कोणाच्या दफ्तरात जाते, किती वर्षे राहते व कोणास विकली जाते याचा पत्ता ज्याची नोंद झाली त्यालाच नसतो. हे ऐकून पुष्कळजण खांदे उडवतात; आम्ही काही चोरी करीत नाही, मग आम्ही कोठे जातो हे कळले म्हणून काय बिघडले, असे म्हणतात. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. माझे मत का पालटले, ते आधी सांगतो.

आमच्या खात्यात जमिनीचा ठावठिकाणा ही झाकून ठेवण्याची गोष्ट कधीच नव्हती. सातबारा कोणीही पाहावा, गटाचा नकाशा कोणीही मागावा. जमीन जागची हलत नाही आणि तिच्यावर कोणाचा हक्क आहे हे चार लोकांना ठाऊक असण्यातच त्या हक्काची सुरक्षितता असते. तरीसुद्धा मोजणीची नोटीस खातेदाराला आणि लगतच्या कब्जेदारांना बजावल्याशिवाय आम्ही कोणाच्या शेतात साखळी टाकीत नसू. ठरल्या दिवशी ते बांधावर येत, उभे राहून मोजणी पाहत, हद्दीच्या खुणा त्यांना दाखवल्या जात, त्यांचे जबाब लिहून घेतले जात, आणि मोजणी मान्य नसेल तर तक्रारीची वाट मोकळी असे. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद अशा एका गुंठ्यासाठी, म्हणजे दगड, माती आणि गवत यांच्यासाठी, सरकारने ही शिस्त पाळली. जमिनीच्या वाट्याला आलेली ही अदब जमिनीवरून चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला येऊ नये, ही गोष्ट माझ्या बुद्धीला पटत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी पावसाचा अंदाज सांगणारे एक अ‍ॅप मी फोनमध्ये घेतले. लोणावळ्यात राहणाऱ्याला ते उपयोगाचे, म्हणून त्याने ठिकाण विचारताच मी परवानगी देऊन टाकली. पुढे आणखी दोन-तीन अ‍ॅपनी विचारले, त्यांनाही दिली. वर्षभराने नातवाने सहज फोन उघडून एक नकाशा मला दाखवला. माझा प्रत्येक दिवस त्यावर रेघेने काढलेला होता. दर गुरुवारी कामशेतला अंथरुणाला खिळलेल्या मित्राकडे घातलेली खेप त्यात होती, पुण्याच्या इस्पितळाच्या ज्या विभागात पत्नीच्या तपासण्या झाल्या त्या इमारतीत घालवलेले तास त्यात होते, आणि धाकटा भाऊ गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वळवणच्या तलावाकाठी मी एकटाच जाऊन बसलो होतो ती चाळीस मिनिटेही होती. त्या चाळीस मिनिटांबद्दल मी घरात कोणाला बोललो नव्हतो. भाजी आणायला गेलो होतो, असे पत्नीला सांगितले होते. जे दुःख मी तिच्यापासूनही राखून ठेवले, ते एका यंत्राने वेळेसह टिपून ठेवले होते, आणि ते टिपण माझ्यासमोर प्रथम नातवाच्या हातून आले. मी काही चोरी केली नव्हती; पण माझे काहीतरी चोरीस गेले आहे असे मला त्या क्षणी वाटले, आणि ते वाटणे अजून ओसरलेले नाही.

माग काढणे ही विद्या आमच्या मुलखाला नवी नाही. गावात चोरी झाली म्हणजे जागल्या रामोशी पावलांचा माग काढीत निघे, आणि तो माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन घातला, की पुढील शोधाची जबाबदारी त्या गावावर पडे. या जुन्या रिवाजात तीन गोष्टी होत्या : माग काढण्यास घडलेला गुन्हा हे कारण होते, मागाला शीव होती, आणि माग काढणारा गावाला जबाबदार होता. आजचा माग गुन्हा घडण्याची वाट पाहत नाही, त्याला शीव ठाऊक नाही, आणि तो कोण काढतो हे विचारायला गेले तर उंबरा सापडत नाही.

शत्रूची गोष्ट निराळी. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून आमच्या मावळातून पुण्याकडे निघाली, तेव्हा तिच्या हालचालींची बातमी मराठ्यांना मिळत होती. कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्यूअर्ट, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणत, तो पडला, तळेगाव ओस आणि जळालेले सापडले, आणि परत फिरलेली फौज वडगावात कोंडली जाऊन १६ जानेवारीला तिला तह करावा लागला. हेर आणि जासूद यांनी राखलेल्या बातमीचा तो विजय होता, आणि मावळच्या माणसाला त्याचा अभिमान आहे. पण ज्याच्या पावलापावलाची बातमी ठेवायची, तो शत्रू असतो. स्वतःच्या रयतेची आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाची तशी बातमी ठेवू लागणे म्हणजे तिला शत्रूच्या जागी नेऊन बसवणे होय.

रयतेची अशी बातमी ठेवण्याचा प्रयोगही या देशात होऊन गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी कित्येक जमातींच्या माणसांना जन्मापासूनच संशयित ठरवले; त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावी, गाव सोडताना पास घ्यावा, आणि मुक्कामाला पोचल्यावर तो दाखवावा, असा जुलूम पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण हजेरी या शब्दाची धास्ती त्या वस्त्यांतील म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मी नोकरीच्या काळात स्वतः पाहिली आहे. चालत्या माणसाला आपल्या चालण्याचा हिशेब रोज द्यावा लागला, म्हणजे त्याच्या पाठीचा कणा कसा वाकतो हे ज्यांनी पाहिले, त्यांना फोनमधील न बोलणारी, न दिसणारी, न संपणारी हजेरी निरुपद्रवी वाटणे शक्य नाही.

या हजेरीचा दोष उपग्रहांवर टाकता येणार नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह फक्त आपापली वेळ आणि जागा सांगत असतात; फोन त्यांतील किमान चारांचे बोलणे ऐकून स्वतःचे ठिकाण स्वतःच काढतो, आणि खाली कोणी ऐकले हे उपग्रहाला कळतही नाही. देवळाची घंटा जशी वाजवणाऱ्याला न कळता दूरच्या शेतकऱ्याला वेळ सांगते, तशी ही निर्मळ व्यवस्था आहे. बिघाड होतो तो त्यानंतर. फोनने काढलेले ठिकाण अ‍ॅप उचलते, अ‍ॅपच्या पोटात जाहिरातदारांनी बसवलेला परका कोड ते आपल्या धन्याकडे धाडतो, आणि तेथून ते दलालांच्या बाजारात जाते. नाव काढून टाकले आहे, केवळ एक क्रमांक उरला आहे, असे सांगून आपली समजूत घातली जाते. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी मोबाइल नोंदी तपासल्या असता, स्थळ आणि काळ यांचे अवघे चार बिंदू माहीत असले तर शंभरांतील पंचाण्णव माणसे इतरांतून वेगळी काढता येतात, असे आढळले. मोजणीदाराला यात नवल वाटणार नाही. रात्री जेथे फोन निजतो ते घर आणि दिवसा जेथे तो बसतो ती कचेरी, या दोन खुणा मिळाल्या की गट नंबर काढण्यास वेळ लागत नाही.

संमती दिली होती ना, असे यावर म्हटले जाते. ज्या अमेरिकेत हा बाजार वाढला, तेथेच २०२२ च्या नोव्हेंबरात गूगल कंपनीने चाळीस राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. आरोप असा होता, की ठिकाणांच्या इतिहासाची कळ बंद करूनही दुसऱ्या एका कळीवाटे नोंद चालूच राहिली आणि लोकांना त्याची स्पष्ट कल्पना दिली गेली नाही. तेथील व्यापार आयोगाने २०२४ च्या जानेवारीत एका दलाल कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळे, पीडितांची आश्रयस्थाने यांसारख्या नाजूक जागांवरील उपस्थितीची माहिती विकण्यास बंदी केली. ही यादी मी पुन्हापुन्हा वाचली, आणि माझ्या भोवतालची माणसे मला तीत दिसू लागली : गावात कोणाला न सांगता तळेगावच्या डॉक्टरकडे जाणारा क्षयरोगी, नवऱ्याचा मार चुकवून माहेरी आलेली आणि आता माहेरचे घरही सोडून तिसरीकडे राहिलेली मुलगी, एकवीरेच्या पायऱ्या नवसासाठी चढणारी बाई. यांपैकी कोणीही गुन्हा केलेला नाही, आणि यांपैकी प्रत्येकाला आपले जाणे झाकण्याचे कारण आहे.

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे आपण समजू नये. २०२२ च्या मे महिन्यात परराज्यातून आलेला एक तरुण येथील नागफणीच्या रानात वाट चुकला. त्याने फोनवर घरच्यांना तसे कळवले, मग फोन बंद पडला, आणि चार दिवसांच्या शोधानंतर दरीत त्याचा देहच सापडला. शिवदुर्ग मित्र या आमच्या गावच्या संस्थेची मुले पाऊस, धुके आणि काळोख यांत दोर खांद्यावर टाकून उतरतात, तेव्हा हरवलेल्याचे नेमके ठिकाण फोनवर मिळणे आणि न मिळणे यांत जीव आणि मरण यांचे अंतर असते. कोणी ११२ हा क्रमांक फिरवला, तर त्याचे ठिकाण पोलिसांना त्या क्षणी मिळावे, असे मी मनापासून म्हणतो. कड्यावरून जो हाक मारतो, तो आपला ठावठिकाणा स्वतः सांगत असतो. ज्याला हाक ऐकू आली, त्याने धावून जायचे असते, आणि माणूस वर आला की दोर गुंडाळून ठेवायचा असतो. सांगितलेला ठावठिकाणा आणि काढलेला ठावठिकाणा यांत हे अंतर आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका अंतरात मावते.

ई-पीक पाहणीचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील शेतकरी स्वतःच्या खाचरात उभा राहून पिकाचा फोटो आणि ठिकाण महसूल खात्याला धाडतो. इंद्रायणी भात लावला आहे की नाही हे त्या नोंदीने कळते, भरपाईच्या वेळी ती उपयोगी पडते, आणि ती नोंद शेताची असते. शेतकरी तेथून घरी गेला, की वडगावला, की सोयऱ्याकडे, हे तिला विचारण्याचे कारण नाही. जमिनीचे ठिकाण मागणे आणि माणसाचे ठिकाण मागणे यांतील ही हद्द ज्या सरकारी दफ्तराने शतकभर जाणली, त्याच सरकारच्या कायद्यात ती पुसट व्हावी, याचे मला दुःख आहे.

ती कोठे पुसट झाली, ते नम्रपणे दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस खटल्यात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी असा निर्णय दिला, की जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपले ठिकाण गूगलच्या नकाशावर तपासयंत्रणेला सतत दिसू द्यावे अशी अट घालता येणार नाही, कारण त्याच्या हालचालींवर सदैव नजर ठेवणे हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. ज्याच्यावर खटला चालू आहे, त्याला जे संरक्षण न्यायालयाने दिले, ते ज्याच्यावर कसलाच आरोप नाही अशा सामान्य माणसाला आपल्या कायद्याने तितक्याच ठामपणे द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

पण या अधिनियमात नाजूक माहिती आणि साधी माहिती असे वर्गच केलेले नाहीत, त्यामुळे माणसाचा ठावठिकाणा आणि त्याची चपलेच्या मापाची आवड यांना एकच माप लागते. मालकाला नोकरीच्या कारणासाठी नोकराची माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे. खंडाळ्याच्या चढावर पावसात जेवण पोचवणारा पोरगा, बंगल्याची गाडी चालवणारा चालक, कंत्राटी सफाई कामगार, यांचा माग कामाचे तास संपल्यावर थांबला पाहिजे, असे त्यात कोठे लिहिलेले नाही. कलम १७ अन्वये सरकार आपल्या पसंतीच्या यंत्रणांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवू शकते. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे खरी, पण तो पैसा भारताच्या संचित निधीत जमा होतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ, ज्याच्या आधारे पीडिताला भरपाई मागता येत होती, ते याच अधिनियमाने वगळण्याचे ठरवले आहे. ज्याच्या शेतातून वाट पाडली, त्याला दमडी मिळू नये आणि दंड मात्र तालुक्याच्या खजिन्यात भरला जावा, असा निवाडा आमच्याकडे कोणत्याही पाटलाने केला नसता.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, अंमलात यावयाची आहेत. हा अवधी कंपन्यांच्या तयारीसाठी दिला आहे. तो सरकारच्या फेरविचारासाठीही उपयोगी पडावा, म्हणून माझे मागणे क्रमाने मांडतो. ठावठिकाणा ही स्वतंत्र, विशेष संरक्षणाची माहिती मानली जावी, आणि ज्या कामासाठी ती घेतली ते काम संपताच ती नष्ट करण्याचे बंधन असावे. पावसाचा अंदाज सांगण्यास तालुक्याचे नाव पुरते. तेव्हा जेथे अंदाजे ठिकाण भागते तेथे नेमके ठिकाण मागण्यास मनाई असावी, आणि ठिकाण न दिले म्हणून विजेरी लावणाऱ्या किंवा पंचांग दाखवणाऱ्या अ‍ॅपने सेवा नाकारू नये. माहिती तिसऱ्या हाती देताना त्या तिसऱ्याचे नाव घेऊन, निराळी संमती मागितली जावी. आणि ती नोटीस कामशेतच्या बाजारात बसणाऱ्या बाईला एका वाचनात समजेल अशा मराठीत असावी, कायद्याच्या कलमांचे भाषांतर म्हणून नव्हे. नोकराचा माग हजेरीपत्रकाच्या वेळेबाहेर काढणे हा गुन्हा ठरावा. सरकारी यंत्रणांना सूट द्यावयाची झाल्यास ती मुदतीची, कारणासह आणि न्यायालयापुढे टिकेल अशी असावी. आणि ज्याचे नुकसान झाले, त्याच्या हाती भरपाई पडावी.

पेशवाईत प्रवासाला निघणाऱ्याला चौक्या ओलांडताना दस्तक दाखवावे लागे. ते त्याच्या स्वतःच्या कमरेला असे. चौकीदार ते पाहून परत देई, आणि प्रवास संपला की त्या कागदाचे काम संपे. आपण घडवीत असलेल्या व्यवस्थेत हा कागद वाटसरूच्या कमरेला राहावा आणि चौकीच्या दफ्तरात जमा होऊ नये, इतकी जुनी ही मागणी आहे.

मी फोनमधील ती परवानगी काढून टाकली आणि तो नकाशा पुसला. ज्यांच्याकडे तो आधीच पोचला असेल, त्यांच्या दफ्तरातून तो पुसण्याची ताकद माझ्यापाशी नाही. ती कायद्याच्या हाती आहे, आणि कायदा आपल्या हाती आहे. पत्नीला मात्र मी वळवणच्या त्या चाळीस मिनिटांबद्दल सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, चला, आपण दोघे जाऊन बसू. फोन घरी ठेवून आम्ही गेलो. पाऊस थांबला होता, आणि आम्ही कोठे आहोत हे, आम्ही ज्यांना सांगितले होते, त्यांनाच ठाऊक होते. माझ्या तालुक्यातील प्रत्येक माणसाला, फोन खिशात असतानाही, तशी संध्याकाळ मिळावी, म्हणून हा पत्रप्रपंच.



आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक